विलीनीकरणानंतर विमान कंपनी सरकारला बुडू देता येत नाही का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत एकमेकींत विलीन होत होत चारच मोठ्या विमान कंपन्या उरल्या, आपल्याकडेही विस्तारा एअर इंडियात गेली आणि आकाश जवळजवळ दोघांत वाटलं गेलं. मग २००८ मधल्या बँकांसारखं यांचंही होणार का? म्हणजे कंपनी एवढी मोठी की ती गाळात गेली तरी सरकारने लोकांच्या करातून तिला वर काढायचं. आणि जाता जाता हेही विचारलंय की अशा काळात सहा महिने आधी काढलेल्या तिकिटाचं काय.

थेट सांगतो. विलीनीकरण झालं म्हणून विमान कंपनी बुडायची थांबत नाही. उलट बुडालेल्या मोठ्या कंपन्यांची यादी काढली तर त्यातल्या कितीतरी जणींनी बुडण्याआधी काही वर्षं कुणाला तरी गिळलेलं दिसतं. सरकारचे हात बांधले जातात ते दुसऱ्याच गोष्टीने: ही कंपनी उद्या सकाळी उडाली नाही, तर तिचे प्रवासी उचलायला दुसरं कोण आहे? कोणी असेल तर सरकार हळहळ व्यक्त करतं आणि पुढे जातं. कोणीच नसेल तर ती कंपनी विलीनीकरणाने वाढलेली असो की स्वतःच्या बळावर, सरकारला तिच्यापुढे नमतं घ्यावंच लागतं.

मी आधी बँकेत मोठ्या कर्जांच्या फायली बघायचो, नंतर विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या कामात आलो. तेव्हा खालचं सगळं पैसे अडकलेल्या माणसाच्या नजरेतून आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

आपल्याकडचं २००७ हे वर्ष घ्या. एकाच वर्षात तीन सोयरिकी जमल्या. जेट एअरवेजने १,४५० कोटी रुपयांना एअर सहारा घेतली आणि तिचं नाव जेटलाइट ठेवलं. किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी ती आपल्यात पुरती मिसळून टाकली. ऑगस्टमध्ये सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र करून ‘नॅसिल’ नावाची कंपनी उभी केली. तिन्ही वेळा युक्तिवाद साधारण तोच: ताफा मोठा झाला की इंधन, सुटे भाग, विमानतळावरची माणसं, सगळ्यांत बचत होईल आणि स्पर्धक दबतील.

विमान कंपनीत ही बचत कागदावर दिसते तितकी सहज हाती लागत नाही. एअरबसच्या वैमानिकाला बोइंगवर बसवता येत नाही, त्याला नवं प्रशिक्षण लागतं. दोन कंपन्यांच्या ज्येष्ठता याद्या एकत्र करताना कोण कुणाच्या वर यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. एअर इंडियात हे सगळ्यांनी पाहिलं. लग्न लागलं तरी ‘एआय’ आणि ‘आयसी’ ही दोन्ही उड्डाण-चिन्हं २०११ पर्यंत वेगवेगळी चालत राहिली. २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनातल्या तफावतीवरून संप केला, आणि २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी बोइंगच्या नव्या ड्रीमलायनर विमानांचं प्रशिक्षण ‘त्यांना’, म्हणजे इंडियन एअरलाइन्सवाल्यांना का, म्हणून केला. हा दुसरा संप जवळपास दोन महिने चालला. दोन्हीकडच्या लोकांची पदं, बढत्या आणि पगार यांची सांगड घालायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली, तीही विलीनीकरणाला तीन-चार वर्षं उलटल्यावर. ही समिती आधी बसायला हवी होती आणि कंपन्या नंतर एकत्र यायला हव्या होत्या, असं मला तेव्हाही वाटायचं. त्याच काळात १११ नव्या विमानांच्या ऑर्डरची कर्जं डोक्यावर आली. २००८-०९ चा तोटा साडेपाच हजार कोटींच्या पुढे गेला.

किंगफिशरची गोष्ट आणखी बोलकी आहे, कारण तिथे वाचवण्याचा प्रयत्न सरकारने नाही तर बँकांनी केला. २०११ मध्ये देशात विमानाने फिरणाऱ्या पाचांतला जवळपास एक जण किंगफिशरने जात होता. कर्ज थकत चाललं होतं. तेव्हा स्टेट बँकेच्या पुढाकारातल्या बँकांनी कर्जाचा काही भाग शेअरमध्ये बदलून घेतला, आणि तोही ६४ रुपये ४८ पैसे भावाने. बाजारातला भाव चाळीसच्या आसपास होता. कर्जाच्या खात्यावर ‘थकीत’ असा शिक्का बसू नये म्हणून बँका काय काय करतात, हे ज्यांनी आतून पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये परवाना निलंबित झाला, आणि मग वसुलीला निघाल्यावर कळलं की हाताशी काय आहे. विमानं भाड्याची, ती मालकांनी नेली. तारण म्हणून घेतलेलं ब्रँडचं नाव लिलावात कोणी घेईना. विलेपार्ल्याचं किंगफिशर हाउस २०१६ मध्ये दीडशे कोटींच्या राखीव किमतीला लिलावात काढलं, ते भाव उतरवत उतरवत २०२१ मध्ये ५२ कोटींना गेलं. गोव्यात कांदोळीचा बंगला त्याआधी, २०१७ मध्ये, ७३ कोटींना. थकबाकी व्याजासकट नऊ हजार कोटींच्या घरात होती.

जेट आणखी काही वर्षं टिकली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला येणारं तिचं शेवटचं विमान सुटलं. त्याआधी तातडीच्या खर्चासाठी चारशे कोटी द्या म्हणून तिने बँकांकडे पदर पसरला होता आणि बँकांनी या वेळी हात आखडता घेतला. किंगफिशरचे चटके ताजे होते. निवडणुका चालू, हजारो नोकऱ्या पणाला, कंपनी पंचवीस वर्षं जुनी, मुख्यालय मुंबईत. तरी दिल्लीहून पैसे आले नाहीत. पुढे दिवाळखोरीची प्रक्रिया पाच वर्षं रेंगाळली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेट अवसायनात काढायला, म्हणजे असेल ते विकून गुंडाळायला, सांगितली.

तीन सोयरिकींपैकी दोन घरं मोडली. तिसरं टिकलं, कारण ते सरकारचंच होतं. एअर इंडियासाठी २०१२ मध्ये तीस हजार कोटींचा भांडवली आराखडा मंजूर झाला. २०२१ मध्ये टाटांनी १८,००० कोटींची बोली लावली, त्यातलं १५,३०० कोटींचं कर्ज त्यांनी उचललं. एकूण कर्ज ६१,५०० कोटींच्या वर होतं. उरलेले ४६ हजार कोटी सरकारच्या एका वेगळ्या कंपनीत ठेवले, म्हणजे तुमच्या-माझ्याच माथी. करदात्याला भुर्दंड पडला तो इथे. पण त्याचं कारण विलीनीकरणातून आलेला आकार नव्हता, मालकी होती. विलीनीकरणाने तोटा फुगवला एवढंच.

आता, जेट किंवा किंगफिशर बुडू देणं सरकारला का परवडलं? कारण विमान कंपनी बँकेसारखी नसते. एक मोठी बँक डळमळली की शेजारच्या बँकेबाहेरही रांग लागते. तिचे पैसे हिच्यात, हिचे तिच्यात अडकलेले असतात. विमान कंपनी बंद पडली की शेजारणीच्या घरी दिवाळी असते. भाडी वाढतात, स्लॉट म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा मोकळ्या होतात, तयार वैमानिक बाजारात येतात. जेट थांबली त्या एप्रिलमध्ये देशांतर्गत प्रवासी आदल्या वर्षीपेक्षा सुमारे साडेचार टक्क्यांनी घटले. मे महिन्यात आकडा पुन्हा वाढीत आला होता. स्पाइसजेटने जेटचीच बोइंग ७३७ विमानं भाड्याने घेऊन उडवायला सुरुवात केली. त्यात बिझनेस क्लासच्या खुर्च्या आयत्याच होत्या म्हणून त्या स्वस्त कंपनीने बिझनेस क्लासही सुरू करून टाकला. मुंबई आणि दिल्लीत एरवी मिन्नतवाऱ्या करूनही मिळत नाहीत असे स्लॉट बाकीच्यांनी वाटून घेतले. नुकसान झालं ते कर्मचाऱ्यांचं, बँकांचं आणि ज्यांनी तिकिटं काढून ठेवली होती त्यांचं. देशाची विमानसेवा मात्र काही आठवड्यांत सावरली.

अर्थात ‘विमानं काय, आज इथे उद्या तिथे’ हे बोलायला सोपं आहे. बंद पडलेल्या कंपनीकडून विमान परत आणायला गेलं की काय दिसतं ते सांगतो. कंपनीचं नाव नको. विमान लांबच्या एका बेवर, म्हणजे विमानं लावायच्या जागेवर, उभं. इंजिनांच्या तोंडावरची लाल कव्हरं उन्हाने फिकी पडलेली, टायर बसलेले, दाराच्या कडेला पाण्याचे ओघळ. डाव्या पंखाखालचं इंजिन आमचं नव्हतंच. त्याच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर दुसऱ्याच मालकाच्या यादीत निघाला, आणि आमचं इंजिन तिसऱ्याच कोणाच्या विमानाला लावलेलं, तेही दुसऱ्या शहरात. पैसे संपत आले की हेच होतं: तीन विमानांतले चांगले भाग काढून दोन उडती ठेवायची. एका इंजिनाची किंमत शंभर कोटींच्या आसपास, त्यामुळे हा हिशेब कोणी सहज सोडत नाही.

पण खरा घोळ रेकॉर्ड रूममध्ये. इंजिनातल्या फिरत्या चकत्यांचं आयुष्य मोजून दिलेलं असतं. ठरलेली उड्डाणं झाली की त्या बदलायच्याच. ती चकती कारखान्यातून निघाल्यापासून कुठल्या इंजिनात किती उड्डाणं फिरली याचा कागद सलग लागतो. मधला एक कागद नसला की धडधाकट चकती भंगारात जमा. आमच्यासमोर खोक्यांची चळत, त्यात टास्क कार्डं, म्हणजे केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद. काहींवर सही, काहींवर नुसता शिक्का. ती कुठल्या क्रमाने लावलीत हे सांगू शकणारा इंजिनिअर पगार थकल्यामुळे केव्हाच आखातात निघून गेलेला. आणि बाहेर विमानतळाच्या पार्किंगचं बिल रोज वाढतंय ते वेगळंच.

त्यात कायदा आडवा आला की काही बघायला नको. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. इंजिनं वेळेवर मिळत नव्हती हे तिचं मुख्य गाऱ्हाणं. अर्ज दाखल होताच सगळ्या मालमत्तेवर स्थगिती लागली आणि विमानांचे मालक हात चोळत बसले. ५४ विमानांची नोंदणी रद्द करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला, सांगितलं ते एप्रिल २०२४ मध्ये. तोवर एक उन्हाळा, एक पावसाळा विमानं जमिनीवरच. मधल्या काळात सरकारने विमानांना त्या स्थगितीतून वगळलं आणि २०२५ मध्ये केपटाउन कराराला, म्हणजे विमानमालकांचे हक्क जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराला, धरून वेगळा कायदाही केला. आता मालकाला विमान लवकर नेता येईल. पण याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या: कंपनी अडचणीत आली की तिच्याखालून ताफा आणखी वेगाने निसटेल. आपल्याकडे आजारी विमान कंपनी उडत ठेवून दुरुस्त करायची सोय कागदावर आहे. प्रत्यक्षात जेट नाही उडाली, गो फर्स्टही नाही.

अमेरिकेत नेमकी हीच सोय पक्की आहे, म्हणून तिथलं चित्र वेगळं दिसतं. तिथे १९७८ मध्ये भाडी आणि मार्ग मोकळे झाले आणि लगेच खरेदीचा सपाटा लागला. पॅन ॲमने देशांतर्गत जाळं मिळवण्यासाठी १९८० मध्ये नॅशनल एअरलाइन्स घेतली. त्या ओझ्यातून ती नंतर कधी बाहेर आलीच नाही. जगभर अमेरिकेची ओळख असलेली ही कंपनी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, आणि वॉशिंग्टनने बघत राहण्यापलीकडे काही केलं नाही.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकी संसदेने ५ अब्ज डॉलर थेट आणि १० अब्ज डॉलरच्या कर्जहमीची तरतूद केली. या निधीतून युनायटेडने, म्हणजे तेव्हाच्या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या कंपनीने, १.८ अब्ज डॉलरची हमी मागितली. हमी देणाऱ्या मंडळाने डिसेंबर २००२ मध्ये ती नाकारली. काही दिवसांतच युनायटेड दिवाळखोरीच्या ‘चॅप्टर ११’मध्ये गेली. २००४ मध्ये तिने पुन्हा हात पसरला, पुन्हा नकार. तुमच्या प्रश्नाला एवढं रोकडं उत्तर दुसरं नाही. आणि तरीही प्रवाशाला काही कळलं नाही, कारण चॅप्टर ११ मध्ये कंपनी उडत राहते. मरतात ते भागधारक. आणि चिरडले जातात ते कर्मचारी. युनायटेडने २००५ मध्ये पेन्शन योजना झटकल्या आणि पेन्शनचा विमा उतरवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या गळ्यात ६ अब्ज डॉलरहून जास्त बोजा पडला. हिशेब मांडायचा तर ही मदतच होती, फक्त तिला मदत असं नाव नव्हतं. ज्यांचं पेन्शन महामंडळाच्या कमाल मर्यादेच्या वर होतं, त्या वैमानिकांचे पैसे गेले ते गेलेच.

मग आली विलीनीकरणांची मोठी लाट: २००८ मध्ये डेल्टा-नॉर्थवेस्ट, २०१० मध्ये युनायटेड-कॉन्टिनेंटल, २०११ मध्ये साउथवेस्ट-एअरट्रान, २०१३ मध्ये अमेरिकन-यूएस एअरवेज. शेवटच्या सौद्याविरुद्ध न्याय खात्याने ऑगस्टमध्ये दावा लावला आणि नोव्हेंबरमध्ये तडजोड केली. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावरचे १०४ आणि न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावरचे ३४ स्लॉट सोडायला लावून लग्नाला परवानगी दिली. देशांतर्गत बाजाराचा सुमारे ऐंशी टक्के हिस्सा चौघींकडे गेला.

याची किंमत कोणी मोजली ते बघायचं तर वॉशिंग्टन सोडून मेम्फिसला जा. नॉर्थवेस्टचं ते मोठं केंद्र डेल्टाने २०१३ मध्ये बंद केलं. सिनसिनाटी आकसलं, क्लीव्हलँडचं केंद्र युनायटेडने २०१४ मध्ये गुंडाळलं. सेंट लुइसचा किस्सा तर हळहळ वाटायला लावणारा. तिथली टीडब्ल्यूए ही कंपनी अमेरिकनमध्ये गेली, अमेरिकनने तिथली उड्डाणं कापली, आणि त्यानंतर २००६ मध्ये तिथे एक अब्ज डॉलरहून जास्त खर्चून बांधलेल्या नव्या धावपट्टीचं उद्घाटन झालं. गर्दी होईल म्हणून बांधली होती. मोठ्या विलीनीकरणाची किंमत दरवर्षी अशी मोजली जाते: गावाचं थेट उड्डाण जातं, भाडं चढतं, कर्ज काढून बांधलेलं टर्मिनल ओस पडतं. सरकारी मदतीची वेळ क्वचित येते.

२०२० मध्ये ती आली. कोविडमध्ये अमेरिकेने प्रवासी विमान कंपन्यांच्या पगारासाठी तीन हप्त्यांत सुमारे ५४ अब्ज डॉलर दिले, शिवाय कर्जं. लोक चिडले, कारण याच कंपन्यांनी आदल्या दशकात अब्जावधी डॉलर स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात घातले होते. तो राग रास्त होता. पण पैसे फक्त चार मोठ्यांना मिळाले नाहीत, लहान प्रादेशिक कंपन्यांनाही मिळाले. सगळ्याच एकदम जमिनीवर आल्या होत्या, म्हणजे एकीची जागा घ्यायला दुसरी उरली नव्हती. युरोपात जर्मनीने लुफ्तान्साला ९ अब्ज युरोचं पॅकेज देऊन २० टक्के हिस्सा घेतला आणि २०२२ पर्यंत तो नफ्यात विकून मोकळं झालं. ऑस्ट्रेलियाने मात्र दोन नंबरच्या व्हर्जिन ऑस्ट्रेलियाला एप्रिल २०२० मध्ये दिवाळखोरीत जाऊ दिलं. आपल्याकडे थेट अनुदान कोणालाच नाही. कर्जहमी योजनेची मर्यादा पुढे २०२२ मध्ये वाढवली, तेवढंच. आणि इटलीची अलितालिया कुठल्याच मापाने मोठी नव्हती, तरी तिला वर्षानुवर्षं सरकारी पैसा मिळत राहिला, कारण शेपटीवर देशाच्या झेंड्याचे रंग होते.

विलीनीकरणं अडवली की प्रश्न सुटतो, असंही नाही. जेटब्लूला स्पिरिट घ्यायची होती. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने सौदा रोखला, स्वस्त तिकिटं टिकावीत म्हणून. त्याच नोव्हेंबरमध्ये स्पिरिट दिवाळखोरीत गेली, आणि बाहेर येऊन २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा गेली.

आता आपल्या दाराशी. मला काळजी वाटते ती इंडिगोची, आणि तिने कोणाला गिळलेलं नाही. एकाच जातीची विमानं, मोठ्या घाऊक ऑर्डरी, विकून परत भाड्याने घेण्याचे सौदे, आणि किंगफिशर, जेट, गो फर्स्ट एकेक करून पडत गेल्या तेव्हा त्यांची जागा घ्यायला तयार असणं. यावर ती वाढली. आज देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी तिच्याकडे, चारशेवर विमानं, रोज २,२०० च्या आसपास उड्डाणं. जेटची जागा भरता आली, कारण भरायची जागा मर्यादित होती आणि भरणारे दोन-तीन होते. इंडिगोची जागा एअर इंडिया गट आणि अकासा मिळूनही भरू शकत नाहीत. एअरबसकडे आज ऑर्डर दिली तर विमान मिळायला वर्षानुवर्षं जातील.

डिसेंबर २०२५ मध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले: आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग आठवड्याला सहावरून दोन. नियम आधीपासून माहीत होते. इंडिगोचं वेळापत्रक मात्र जुन्या मनुष्यबळाच्या हिशेबावर आखलेलं. ३ ते ५ डिसेंबरला अडीच हजारांच्या आसपास उड्डाणं रद्द झाली. पुण्यात तर विमानतळाचे बहुतेक बे इंडिगोच्या वैमानिकांविना उभ्या विमानांनी अडवले, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांनाही उतरून उभं राहायला जागा मिळेना. सरकारने काय केलं? भाड्यांवर मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, दीड हजार किलोमीटरच्या पुढे १८,०००. कंपनीला नोटीस दिली, वेळापत्रकात दहा टक्के कपात केली. पण त्याआधी, ५ डिसेंबरलाच, तिला नव्या नियमांतून १० फेब्रुवारीपर्यंत सूट देऊन टाकली.

ही कंपनी पैशाने भक्कम होती. २०२४-२५ चा तिचा नफा सात हजार कोटींच्या वर. तिला एक रुपयाही नको होता. तिला हवा होता थकव्याच्या नियमात सैलपणा, आणि तो तिला काही दिवसांत मिळाला, कारण विमानतळांवर लोक बॅगांवर झोपले होते आणि मंत्रालयाकडे दुसरा रस्ता नव्हता. सरकारी खजिन्यातून जाणारा पैसा अर्थसंकल्पात दिसतो, त्यावर संसदेत आरडाओरडा होतो. सुरक्षेच्या नियमात दिलेली सूट एका पानाच्या पत्रात मावते. म्हणून विमानसेवेत ‘बुडू देता येत नाही’ यापेक्षा ‘वठणीवर आणता येत नाही’ हा धोका मला जास्त जवळचा वाटतो. साठ टक्केवालीला परवाना निलंबित करण्याची धमकी कोण देणार? दिली तरी खरी कोण मानणार?

एअर इंडियाबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात आली, सिंगापूर एअरलाइन्सकडे २५.१ टक्के हिस्सा आहे, स्पर्धा आयोगाने त्याआधी अटी घालून मंजुरी दिली होती. तिच्या गटाचा देशांतर्गत वाटा चौथ्या हिश्शाच्या आसपास. ती अडचणीत आली तर पहिला फोन टाटांना जाईल, अर्थ मंत्रालयाला नाही. माझ्या मते हे विलीनीकरण झालं ते बरंच झालं, कारण बाजारात दोन नंबरची धडधाकट कंपनी असणं हीच इंडिगोबाबतची सगळ्यात स्वस्त विमा पॉलिसी आहे. स्पर्धा आयोगाने विलीनीकरणाच्या फायली जेवढ्या बारकाईने बघितल्या, तेवढ्याच बारकाईने मुंबई-पुण्यासारख्या भरलेल्या विमानतळांवर नव्या कंपनीला स्लॉट कसे मिळतील हे कोणी बघितलं तर जास्त उपयोग होईल. डीजीसीएनेही हंगामाचं वेळापत्रक मंजूर करताना ‘एवढी उड्डाणं, तर एवढे वैमानिक दाखवा’ असा हिशेब सगळ्यात मोठ्या कंपनीकडून सगळ्यात आधी घ्यावा.

राहिला तुमच्या तिकिटाचा प्रश्न. ब्रिटनमध्ये मोनार्क ही विमान कंपनी ऑक्टोबर २०१७ मध्ये बुडाली तेव्हा तिथल्या विमान प्राधिकरणाने दुसऱ्यांची विमानं घेऊन परदेशात अडकलेल्या ८० हजारांहून जास्त लोकांना घरी आणलं. कंपनीला मात्र वाचवलं नाही. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. कंपनी अवसायनात गेली की आगाऊ तिकीट काढलेला माणूस पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत बँका, कामगार आणि सरकारी देण्यांच्या मागे उभा राहतो, म्हणजे हाती फारसं काही येत नाही. म्हणून लांबच्या तारखेचं तिकीट क्रेडिट कार्डाने काढा. सेवा मिळालीच नाही तर बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे पैसे परत वळवण्याची, तक्रार करता येते, पण तिला मुदत असते, तेव्हा बातमी आली की त्याच आठवड्यात करा.  आणि ज्या कंपनीत पगार उशिरा होतायत, विमानांचे मालक कोर्टात गेलेत, अशा बातम्या येऊ लागल्या असतील, तिचं दिवाळीचं तिकीट गणपतीत काढू नका, ते कितीही स्वस्त असलं तरी. तसं स्वस्त तिकीट बहुतेकदा पुढच्या पंधरवड्याचं इंधन भरायला विकलेलं असतं.